झाकणाखालचा वास

डेअरीची मोठी टाकी नासली, त्या दिवशी आम्हाला कळलं की हिला वास येत नाही.

ही म्हणजे माझी बायको. गाड्यांतून दूध उतरतं त्या धक्क्यावर तिचं काम होतं. कॅन खाली आला की ती झाकण उचलायची, उलटं करून नाकाशी धरायची आणि कॅन एक तर टाकीकडे ढकलायची, नाही तर बाजूला काढायची. झाकणाला आतून ओलावा धरतो. त्यात दुधाचा वास साठून राहतो, म्हणून नाक दुधाला लावायचं नाही, झाकणाला लावायचं. पुढे लॅबमध्ये तपासणी असतेच, पण ती टाकीतल्या दुधाची. टाकीत पडेपर्यंत मध्ये फक्त हिचं नाक. ड्रायव्हर लोक तिला नाकच म्हणायचे. "नाक आलं का? मग लावा गाडी." तिला राग यायचा नाही. "तुमच्या तोंडापेक्षा बरं चालतं," म्हणायची.

मी तिथेच बॉयलरवर होतो. त्या सकाळी लॅबच्या बाई स्वतः धक्क्यावर आल्या आणि म्हणाल्या, टाकी गेली. साहेब धावत आले. शोधाशोध केल्यावर ज्यातून नासकं दूध टाकीत गेलं तो कॅन धुण्याच्या हौदापाशी सापडला. झाकण अजून धुतलं नव्हतं. मला बॉयलरच्या धुरातून फारसं काही कळत नाही, पण माझंही तोंड वाकडं झालं.

साहेबांनी झाकण हिच्यापुढे धरलं. "हे तुमच्या हातून पुढे गेलं?"

तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग झाकण हातात घेऊन, डोळे मिटून, तिसऱ्यांदा घेतला.

"मला काहीच येत नाहीये," ती म्हणाली.

साहेबांना वाटलं ती हट्टाला पेटली आहे. मी तिला ओळखत होतो. ती खरं सांगत होती, आणि सांगताना तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा कळत होतं.

घरी आल्यावर तिला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एकेक वस्तू नाकाखाली धरली. कांदा. बुटाचं पॉलिश. "काहीतरी आहे वाटतं," एवढंच ती म्हणायची. रॉकेलला ती म्हणाली, "पाणी आहे का?" मी बाटली खाली ठेवली.

"सांगा की काय होतं."

"रॉकेल."

ती हसली. "म्हणजे घर पेटलं तरी तुम्हीच मला उठवायचं."

मग इतके दिवस ती काम कसं करत होती? आम्ही दोघं यावर बोलत बसलो तेव्हा हळूहळू उलगडलं. नासलेल्या दुधाचा थेंब झाकणाला वेगळा चिकटतो, ते तिला दिसायचं. कुठल्या गावची गाडी उशिरा आली, कोणाच्या घरी दूध झाकून ठेवायची शिस्त नाही, हे माहीत होतं. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरूनही कळायचं. वास हळूहळू गेला आणि त्याची जागा डोळ्यांनी भरून काढली, तिच्याही नकळत. दिसेनासं झालं तर माणूस ठेचकाळतो, लगेच कळतं. वास येईनासा झाला तर माणूस ठेचकाळत नाही.

साहेबांनी तिला कामावरून काढलं नाही. कॅन धुतात तिकडे बदली दिली. तिथेच काही दिवसांनी तिच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. आधी आम्ही म्हटलं थंड पाण्यानं असेल. मग चालताना तो हात हलेनासा झाला, नुसता बाजूला लटकलेला. डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई वयानं लहान होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी हिला चालायला लावलं, बोटं मिटवायला उघडायला लावली आणि मग विचारलं, "वास नीट येतो का तुम्हाला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"पार्किन्सन आहे," बाई म्हणाल्या. "बऱ्याच जणांचा वास आधी जातो. हात नंतर हलायला लागतो."

"म्हणजे टाकी पार्किन्सननं नासवली," ही म्हणाली. "साहेबांना सांगायला पाहिजे."

धक्क्यावर तिच्या जागी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला घेतलं. ती आधीपासून डेअरीतच होती, पाकिटं भरायच्या विभागात. आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणतो. कामाला वाघ आणि तोंडानं त्याहून. नाक तिचं चांगलं होतं, पण त्या नाकाला काय करायचं ते माहीत नव्हतं. गवताचा वास आला तरी कॅन परत पाठवायची आणि आंबायला लागलेलं दूध पुढे सोडायची. एक मिशीवाला ड्रायव्हर होता, तो रोज तिच्याशी भांडायचा. "बाई, हे दूध आहे, अत्तर नाही. त्याला दुधाचा वास येणारच."

संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन बसायची. "ताई, आंबूस म्हणजे नक्की कसं?"

"आंबूस म्हणजे आंबूस."

"एवढं तर मलाही सांगता येतं."

"अगं, म्हणजे नाकाच्या पुढच्या बाजूला टोचतं. आणि शेणाचा वास मागे, घशापाशी बसतो."

"मला सगळं एकाच ठिकाणी बसतं."

ही खूप प्रयत्न करायची. शब्द शोधायची, हातांनी दाखवायची. पण झाकण समोर धरलं आणि गुरूलाच काही येत नसेल, तर ती शिष्येला काय सांगणार? 'आत्ता तुला येतोय ना, त्याला हे म्हणायचं,' एवढंच शिकवायचं असतं. नेमकं तेच तिला जमत नव्हतं. साहेबांनी धाकटीला सांगून टाकलं होतं की असंच चाललं तर नाकाचं काम बंद. प्रत्येक कॅनचा नमुना लॅबमध्ये जाईल आणि तोवर गाड्या उभ्या राहतील. उभ्या गाडीत दूध आणखी बिघडतं, हे साहेबांनाही ठाऊक होतं. पण त्यांचाही नाइलाज होता.

आजाराबद्दल ही फारसं बोलायची नाही. याबद्दल मात्र बोलायची. "माझं काम कोणाला तरी देऊन जायचंय मला," म्हणायची. "आणि मी देऊ शकत नाहीये."

गोळ्यांनी काही वर्षं निभली, धक्क्यावरचं कामही तसंच रेटत राहिलं. मग गोळी उतरली की ती लाकडासारखी व्हायची आणि गोळी चढली की सगळं अंग वळवळायचं. डॉक्टर बाईंनी ऑपरेशन सुचवलं. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा घालायच्या, त्या कातडीखालून आणून छातीपाशी बसवलेल्या बॅटरीला जोडायच्या. बॅटरी सारखा बारीक बारीक विजेचा झटका देत राहते आणि हातपाय आटोक्यात येतात. मला भीती वाटली. तिला वाटली नाही. ऑपरेशन चालू असताना तिला जागं ठेवलं होतं. मधेच तिला सांगितलं, बोट नाकाला लावा. ही म्हणाली, "नाक कामाचं राहिलेलं नाही, दुसरं काहीतरी सांगा." हे मला नंतर तिथल्या नर्सनं सांगितलं.

काही आठवड्यांनी बॅटरी चालू करायला गेलो. डॉक्टर बाई एका यंत्रावरून करंट थोडा थोडा वाढवत होत्या. हिचा हात मांडीवर थरथरत होता. तो एकदम थांबला, जसा कोणी हळूच हात धरावा तसा. बाईंनी हातावर जंतुनाशक चोळलं आणि हिच्या मनगटाला हात लावला.

"स्पिरिट," ही म्हणाली.

"काय?"

"तुमच्या हाताला स्पिरिटचा वास येतोय."

बाईंनी कपाटातून वासाच्या कांड्यांची पेटी काढली. तपासणीसाठी असते, प्रत्येक कांडीला वेगळा वास. बॅटरी बंद करून एकेक धरली. ही दर वेळी म्हणायची, "काहीतरी आहे." बॅटरी चालू करून पुन्हा सगळ्या धरल्या. चामडं, साबण, संत्रं तिनं ओळखलं. काही चुकली, पण बऱ्याच ओळखल्या.

"काही जणांत असं होतं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांत नाही, आणि का होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही. तुमचं नाक पहिल्यासारखं झालंय असं समजू नका. अगदी मंद वास तुम्हाला अजूनही येणार नाही. येतो तो ओळखणं सुधारलंय."

"मला कळतंय," ही म्हणाली. "आधी दाराशी कोणीतरी उभं आहे एवढं वाटायचं. आता तोंड दिसतंय."

बाईंनी ते वाक्य तिला परत म्हणायला सांगितलं. त्यांना आवडलं असावं.

मग अडचण निघाली. करंट थोडा आणखी वाढवला की वास आणखी स्वच्छ ओळखू यायचा, पण जीभ जड व्हायची. शब्द एकात एक मिसळायचे, तोंडात काही धरून बोलल्यासारखे. कमी ठेवला की बोलणं छान, हात छान, पण वासांचे चेहरे पुन्हा धूसर. बाईंनी बॅटरीत या दोन्ही पातळ्या बसवून दिल्या आणि घरी एक छोटा रिमोट दिला. त्यावरून आम्ही एका पातळीवरून दुसरीवर जाऊ शकत होतो, त्यापलीकडे नाही. "वरची पातळी गरजेपुरतीच," बाईंनी बजावलं. "तोलही जाऊ शकतो. एकट्यानं चालायचं नाही."

"रिमोट यांच्या हातात देऊ नका," ही म्हणाली. "मी बोलायला लागले की चॅनल बदलतील."

खरं म्हणजे उलटं होतं. मला खालची पातळी हवी होती. बऱ्याच काळानं ती नीट बोलत होती, आणि मी आता निवृत्त झालो होतो, ऐकायला वेळ होता. मी तसं तिला सांगितलं.

"संध्याकाळी बोलू की," ती म्हणाली. "सकाळ माझी."

सकाळ म्हणजे धक्का. मी साहेबांकडे गेलो. त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो, त्या पेशंट आहेत. पडल्या तर?"

"मी शेजारी उभा राहीन."

"आणि टाकी पुन्हा गेली तर?"

"निर्णय धाकटी घेणार. ही फक्त शिकवणार."

साहेब हो म्हणाले. धक्क्यावर हात असलेली एक खुर्ची ठेवली. हिला त्यावर बसवायचं, रिमोटनं वरच्या पातळीवर न्यायचं आणि मी बाजूला उभं राहायचं. धाकटी झाकण उचलायची, स्वतः वास घ्यायची, मनात काय ते ठरवायची आणि झाकण हिच्यापुढे धरायची. ही बोलायची. ते धाकटीला कळायचं नाही, ड्रायव्हरला तर मुळीच नाही. मला कळायचं. इतकी वर्षं जिच्याशी बोललो तिचे शब्द मिसळले म्हणून काय झालं? मी मोठ्यानं सांगायचो.

"पुठ्ठा."

"पुठ्ठा म्हणजे?" धाकटी विचारायची.

ही पुन्हा काही म्हणायची. मी सांगायचो, "भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास. कॅनला आतून गंज धरलाय, किंवा दूध उन्हात राहिलंय. नासलेलं नाही, पण टाकीत नको."

"हे सगळं त्या एवढ्याशा बोलण्यात होतं?"

"निम्मं तिचं, निम्मं माझं."

हिनं माझ्या हातावर चापट मारली. हात अगदी स्थिर होता.

मिशीवाला ड्रायव्हर पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, तुम्ही परत आलात, आमचं नशीब. पण दादा काय म्हणून आलेत?"

"मी तोंड," मी म्हणालो. "नाक आहेच."

"आणि मी?" धाकटी म्हणाली.

"तू अजून कान आहेस. ऐक."

असं बरेच दिवस चाललं. धाकटी पटापट शिकत होती. आंबायला लागलेलं आणि आंबलेलं यातला फरक तिला कळायला लागला. रानटी गवताचा वास आला तर तो कॅन परत न पाठवता वेगळ्या टाकीत टाकायचा, हे कळलं. धुण्याच्या पावडरचा वास, जुन्या रबराचा वास. गोठ्यातला वास दोन तऱ्हेचा असतो. एक जनावराच्या अंगाचा, तो चालतो. दुसरा घाण हातांचा, तो चालत नाही. हे सांगताना हिला खूप कष्ट पडले, कारण शब्द लांब होते आणि जीभ जड. ती खुर्चीच्या हातावर बोटं आपटायची, पुन्हा सुरुवात करायची. एकदा मी म्हणालो, "खालच्या पातळीवर जाऊन सांग ना, मग परत वर ये."

"तोवर वास जातो," तिनं सांगितलं. झाकणावरचा ओलावा वाळतो, हे मी विसरलो होतो.

मग एका सकाळी धाकटीनं झाकण उचललं, वास घेतला आणि हिच्यापुढे धरलं. हिनं वास घेऊन सांगितलं, मी मोठ्यानं म्हणालो, "आंबतंय. परत."

धाकटी हलली नाही. "नाही ताई."

मिशीवाला हातातलं काम सोडून बघायला लागला. त्याच्याच गाडीचा कॅन होता.

"आंबत नाहीये," धाकटी म्हणाली. "रबराची रिंग बदललीय झाकणाची. नवं रबर असंच नाकात पुढे टोचतं. पण दूध चांगलं आहे. झाकण सोडून नुसत्या दुधावर वाका आणि बघा."

मी कॅन खुर्चीजवळ सरकवला. ही पुढे वाकली, मी तिला खांद्याला धरलं. तिनं बराच वेळ वास घेतला. मग लॅबच्या बाईंना बोलावलं, त्यांनी नमुना नेला आणि थोड्या वेळानं दारातूनच हात हलवला. दूध चांगलं होतं.

ही हसायला लागली. जीभ जड असली की तिचं हसणंही वेगळं यायचं, घोगरं. तिनं धाकटीची वेणी धरून तिचं डोकं खाली ओढलं आणि कानात काहीतरी सांगितलं. ते मी मोठ्यानं सांगायची गरज नव्हती. धाकटीला कळलं.

"काय म्हणाली?" मिशीवाल्यानं विचारलं.

"तुमचं दूध घ्या म्हणाल्या," धाकटीनं सांगितलं आणि कॅन टाकीकडे ढकलला. डोळे पुसले ते नंतर, पाठ करून.

साहेबांनी नाकाचं काम बंद करायची गोष्ट पुन्हा काढली नाही. मला वाटलं, झालं. आता सकाळीही खालच्या पातळीवर राहता येईल. त्या संध्याकाळी मी तसं म्हणालो. ती नीट बोलत होती.

"अजून एक राहिलाय," ती म्हणाली.

"कुठला?"

"गोडसर. गाय व्याल्यावर कधीकधी आतून आजारी पडते. वरून काही दिसत नाही, खाते पिते थोडंफार. पण दुधाला गोडसर वास येतो, नखांचा रंग पुसायच्या बाटलीसारखा. तो ओळखला की मालकाला सांगायचं, डॉक्टर आणा. दूध वाचवायचं नसतं त्या वेळी, गाय वाचवायची असते."

"मग धाकटीला ती बाटलीच हुंगायला दे."

"बाटलीतला बाटलीतच ओळखेल. दुधातून ओळखता यायला पाहिजे. तो दुधामागे लपतो."

धाकटीही तिथेच बसली होती. "येईल की कधीतरी तसा कॅन, ताई. तुम्ही आणि मी दोघी असू तिथे."

"येईल," ही म्हणाली. "आपण बसू."

म्हणून आम्ही बसत राहिलो. धाकटीला आता बाकी कशासाठी हिची गरज नव्हती. ती झाकणं उचलायची आणि कॅन ढकलायची, आणि ही खुर्चीवर बसून तिच्या मागोमाग प्रत्येक झाकण हुंगायची, सकाळभर, जीभ जड करून. ड्रायव्हरांना सांगून ठेवलं होतं की कोणाकडे गाय व्याली की कळवा. ते कळवायचे. गावोगावी गाई व्यायल्या, आणि सगळ्या ठणठणीत. मिशीवाला म्हणायचा, "ताई, तुमच्या धाकानं एकही गाय आजारी पडत नाही." ही त्याला काहीतरी सांगायची. मी ते त्याला मोठ्यानं सांगायचो नाही, कारण ते सांगण्यासारखं नसायचं.

घरी आल्यावर मी रिमोट दाबायचो आणि ती बोलायची. सकाळी जे साठलं असेल ते सगळं. कुठल्या ड्रायव्हरचं लग्न ठरलंय, लॅबच्या बाईंचं साहेबांशी का बिनसलंय, मी कसा चुकीचं सांगत होतो. मी ऐकायचो. ती बरोबर होती. सकाळ तिची, संध्याकाळ दोघांची, हे नीट जमलं होतं.

थंडीत तिच्या छातीत कफ भरला. या आजारात गिळणं मंद होतं, त्यातून ते होतं, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. बॅटरीचा दोष नव्हता, ती शेवटपर्यंत चालू होती. दवाखान्यातही हात स्थिर होता. धाकटी भेटायला आली तेव्हा हिनं तिला जवळ घेऊन तिच्या ओढणीचा वास घेतला आणि म्हणाली, "आज धक्क्यावर पुठ्ठा होता वाटतं." होता. ही गेली तेव्हा मी जवळ होतो.

त्यानंतर लवकरच धाकटी कामावर गेली. मीच तिला पाठवलं. गाड्या थांबत नाहीत. आता ड्रायव्हर लोक तिला नाक म्हणतात. ती चिडते, पण हळूहळू चिडणं कमी होतंय. मी रोज सकाळी एक फेरी मारतो. खुर्ची आता साहेब वापरतात, त्यांचे गुडघे दुखतात. मी धाकटीच्या शेजारी उभा राहतो आणि ती झाकणं उचलते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघतो. तिच्या हातून टाकी नासणार नाही, याची मला खात्री आहे. तिला शिकवणारीला मी ओळखत होतो.

गोडसर वासाचा कॅन अजून आलेला नाही. आला तर धाकटीला तो एकटीनंच ओळखावा लागेल. मला तो सांगता येत नाही, कारण मी तो कधी घेतलेला नाही, आणि हिच्या तोंडून ऐकलेलं सगळं मी धाकटीला सांगून झालं आहे. बाकीचे सगळे वास तिला येतात. तो एक शिकवायचा राहिला.